आऊटबोर्ड मशीनचा आरपीएम मीटर तपासून घेण्याविषयी

पूर्ण थ्रॉटल देऊनही आऊटबोर्ड मशीन (नौकेच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) पुरेसे फेरे घेत नाही, तेव्हा पंखा (प्रोपेलर) बदलून द्या, अशी मागणी घेऊन अनेक नौकामालक आमच्याकडे येतात. अशा वेळी आम्ही पंख्याला हात लावण्याआधी आरपीएम मीटर, म्हणजे मशीनचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा मीटर, तपासतो. पंख्याचा पिच (न घसरता एका फेरीत पंखा जितके अंतर पुढे जाईल ते) एक इंचाने बदलला की मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. त्यामुळे मीटरच ३०० फेऱ्यांनी चुकत असेल, तर चांगला पंखा उतरवून चुकीचा बसवला जाईल आणि मशीन कायम ओझ्याखाली तरी चालेल, नाहीतर मर्यादेबाहेर पळेल.

बहुतेक काट्यांच्या मीटरना फेऱ्यांचा संकेत फ्लायव्हीलखालच्या चार्जिंग कॉइलकडून मिळतो. फ्लायव्हीलमधील चुंबकांचे जितके पोल, त्याच्या निम्मे विद्युत ठोके प्रत्येक फेरीला मीटरकडे जातात. म्हणजे १२ पोलच्या मशीनमधून ६ आणि १० पोलच्या मशीनमधून ५. किती पोल धरायचे, हे मीटरच्या मागील लहान स्विचवर ठरवलेले असते. मशीन १२ पोलचे आणि स्विच मात्र १० वर असेल, तर प्रत्यक्षातील ५००० फेरे मीटरवर ६००० दिसतात. नवे मशीन जुन्या डॅशबोर्डला जोडल्यावर ही चूक हमखास होते. स्विच फिरवण्यापूर्वी चावी बंद करावी, आणि खाऱ्या हवेने आतील संपर्कबिंदू गंजतात म्हणून तो काही वेळा पुढेमागे फिरवून मगच योग्य जागी ठेवावा.

चूक कशी दिसते, त्यावरून तिचे कारण कळते. सर्व वेगांना एकाच प्रमाणात फरक असेल, तर स्विच पाहावा. चावी चालू पण मशीन बंद असताना काटा शून्यावर येत नसेल, तर दोष बहुधा मीटरचाच असतो. काटा उड्या मारत असेल किंवा मध्येच खाली पडत असेल, तर प्रथम अर्थिंग व संकेताची तार, आणि त्यानंतर रेग्युलेटर (चार्जिंगचा विद्युतदाब आटोक्यात ठेवणारा भाग) तपासावा. रेग्युलेटर बिघडल्याची पहिली खूण पुष्कळदा मीटरवरच दिसते.

पडताळणीसाठी आम्ही प्लगच्या तारेला चिमट्याने लावायचा मीटर वापरतो. टू-स्ट्रोक मशीनमध्ये प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. फोर-स्ट्रोकमध्ये काहींत प्रत्येक फेरीला, तर काहींत दोन फेऱ्यांत एकदा पडते, म्हणून वाचन नेमके निम्मे किंवा दुप्पट आल्यास आधी त्या उपकरणाची सेटिंग पाहावी. ज्या मशीनचे फ्लायव्हील उघडे दिसते, तेथे परावर्तक पट्टी लावून लेझर मीटरनेही मोजता येते. परंतु फिरत्या फ्लायव्हीलजवळ हात किंवा सैल कपडा जाऊ नये, यासाठी हे काम आमच्या कारागिरावरच सोपवावे, असा आमचा आग्रह आहे. पाण्याशिवाय मशीन क्षणभरही चालवू नये, इम्पेलर (मशीन थंड ठेवणारे पाणी खेचणारे पंपातील रबरी चाक) जळतो.

आपल्याला स्वतः करता येईल अशी चाचणी जीपीएसची आहे. समजा, पंख्याचा पिच १३ इंच, गिअरचे प्रमाण २:१ आणि मीटरवर ५००० फेरे आहेत. पंखा मिनिटाला २५०० वेळा फिरतो, आणि पाण्यात अजिबात घसरला नाही, तर नौकेचा वेग सुमारे २६.७ नॉट येईल. प्रत्यक्षात पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या नौकेचा पंखा साधारण १० ते २० टक्के घसरतो, म्हणून जीपीएसवर २१ ते २४ नॉट दिसणे स्वाभाविक आहे. २८ नॉट दिसले, तर मीटर कमी दाखवत आहे किंवा पिचची नोंद चुकली आहे. कर्लीसारख्या खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह वेगात मिसळतो. त्यामुळे त्याच पट्ट्यात जाताना व येताना वेग नोंदवून सरासरी काढावी. ही चाचणी प्रवासी नसताना, मोकळ्या पाण्यात आणि किल स्विचची दोरी (ओढली जाताच मशीन बंद करणारी) अंगाला बांधूनच करावी.

५००० फेऱ्यांवर १०० पर्यंतचा स्थिर फरक आम्ही चालण्याजोगा मानतो. तो मीटरशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवला तरी पुरते. तपासणीसाठी येताना मशीनचा मॉडेल क्रमांक आणि पंख्यावर कोरलेला पिच टिपून आणावा. पावसाळी बंदीत मशीन उतरवलेले असतानाच वायरिंग पाहून घेतले, तर हंगाम सुरू झाल्यावर केवळ पाण्यातील चाचणी उरते.