पासवर्डचे धडे आणि लोकांच्या सवयी : पार्श्वभूमी

एकाच संगणकाचा अनेकांनी वापर करण्याची सोय १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात झाली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. लोक ते निवडतात कसे, याचा ताळेबंद मात्र १९७९मध्ये समोर आला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी युनिक्स या संगणक-प्रणालीवरील ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा सुमारे ८६ टक्के पासवर्ड फारच आखूड, केवळ इंग्रजी स्मॉल अक्षरांचे किंवा शब्दकोशात आणि नावांच्या याद्यांत सापडणारे निघाले.

यानंतर संस्थांनी नियम घातले : अमुक इतकी अक्षरे हवीत, अंक आणि चिन्ह हवे, ठरावीक मुदतीने बदल हवा. सुरक्षेचे शिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी या नियमांची उजळणी होती; त्यांमागचे कारण क्वचितच सांगितले जाई. ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या संशोधकांनी १९९९मध्ये नेमके यावर बोट ठेवले. त्यांनी अभ्यासलेले कर्मचारी बेफिकीर नव्हते. धोका कुठून येतो हे कोणी न सांगितल्यामुळे त्यांनी आपापल्या समजुती बांधल्या होत्या, आणि अनेक पासवर्ड वारंवार बदलावे लागल्याने ते लिहून ठेवत होते. दोष वापरकर्त्याच्या माथी मारण्याची रीत या अभ्यासाने मोडीत काढायला हवी होती, असे मला वाटते; ती आजही पुरती गेलेली नाही.

शिकवण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, हे केंब्रिज विद्यापीठातील प्रयोगाने दाखवले. जेफ यान, रॉस अँडरसन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या सुमारे ३०० विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीचा सल्ला दिला, दुसऱ्याला अक्षरे-अंक यादृच्छिकपणे निवडायला सांगितले, तर तिसऱ्याला मनातल्या वाक्यातील शब्दांच्या आद्याक्षरांतून पासवर्ड कसा करावा ते समजावले. या तिसऱ्या गटाचे पासवर्ड यादृच्छिक पासवर्डइतकेच फोडायला कठीण होते, आणि लक्षात ठेवायला साध्या पासवर्डइतके सोपे. तरीही दहातल्या एखाद्याने सूचना पाळलीच नाही.

नियमांच्या धड्यांतून मात्र वेगळीच सवय लागली. मुदत संपली की लोक जुन्या पासवर्डमधला आकडा एकाने वाढवत किंवा शेवटी एखादे चिन्ह जोडत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील ७,७००हून अधिक खात्यांच्या २०१०मधील अभ्यासात, जुना पासवर्ड हाती असल्यास नवा पासवर्ड सुमारे ४१ टक्के वेळा काही सेकंदांत शोधता आला. त्याआधी २००७मध्ये दिनेई फ्लोरेन्सिओ आणि कॉर्मॅक हर्ली यांना एका व्यक्तीमागे सरासरी २५ खाती आणि जेमतेम साडेसहा पासवर्ड आढळले होते.

अखेर २०१७मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदल करण्याची अट काढून टाकली. नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहण्याचे काम प्रणालीकडे दिले. जुन्या नियमांच्या मसुद्याशी संबंधित असलेल्या बिल बर यांनी त्याच वर्षी आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.