पेडल दाबलं की आवाज जातो

एप्रिलातल्या एका सकाळी सात वाजता आम्ही जुनी गाडी बघायला सोलापुरात होटगी रोडवरच्या त्या बंगल्यात पोचलो. गाडी अंगणात धुऊन-पुसून उभी होती. लाल, दोन दारांची, बारा वर्षं वापरलेली टर्बो-पेट्रोल स्पोर्ट्स कार. भाचा सरळ स्टिअरिंगकडे धावला. मी बॉनेटवर तळहात टेकवला. चांगलं कोमट लागलं.

"आत्ताच जरा फिरवून लावली," मालक म्हणाले. "बॅटरी उतरायला नको ना."

असेलही. पण जुनी गाडी दाखवणाऱ्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलं, तर ऐकणाऱ्याच्या हातातला निम्मा पुरावा जातो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि बऱ्याच इंजिनांत सिलिंडरची भिंत ओतीव लोखंडाची. तापल्यावर दोन्ही फुगतात, पण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट. 86 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि तेवढाच सिलिंडर 100 अंशांनी तापले, तर दोघांच्या फुगण्यात साधारण 0.1 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे वहीच्या एका कागदाएवढा. थंड असताना तेवढी फट मोकळी असते. झिजलेल्या इंजिनात पिस्टन त्या फटीत डुलतो आणि भिंतीवर आपटून टकटक करतो. इंजिन तापलं की फट भरते आणि आवाज विरतो.

तेलाचं उलटं आहे. थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे क्रँकशाफ्टवरच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावरच्या) झिजलेल्या बेअरिंगलाही त्याची गादी मिळते. गरम तेल पातळ होतं, गादी दबते आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा ठोका ऐकू यायला लागतो. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की तापल्यावर जाणाऱ्या आवाजाबरोबर बरेचदा संसार करता येतो, तापल्यावर येणारा आवाज मात्र घर धुऊन नेतो. दोन्ही ऐकायचे तर सुरुवात रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनापासून करावी लागते. म्हणून आम्ही चहा घेतला आणि "उद्या येतो, तोवर किल्लीला हात लावू नका" असं सांगून निघालो.

दुसऱ्या दिवशी चाचांना सोबत घेतलं. अशोक चौकाच्या पुढे त्यांचं छोटं गॅरेज आहे. त्याआधी ते पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर होते. यंत्रमाग बिघडला की तो ठीक करणारा माणूस म्हणजे जॉबर. टॉवेलचे चोवीस माग एकाच शेडमध्ये चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या खटखटाटात कुठल्या मागाचा धोटा उशिरा पोचतोय हे ओळखायची त्यांची रीत सोपी होती. संशय असलेला माग थांबवायचा आणि उरलेल्यांत काय कमी झालं ते ऐकायचं. लोक याला कानाची जादू म्हणतात. मला ती वजाबाकी वाटते. गाडीत ही वजाबाकी करायचं सगळ्यात स्वस्त हत्यार डाव्या पायाखाली असतं, क्लचचं पेडल.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे एक जड चक्र असतं. क्लच प्लेट त्याला चिकटलेली असते आणि प्रेशर प्लेट तिला मागून दाबून धरते. ही क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनाकडून गती आत नेणाऱ्या दांड्यावर बसवलेली असते. त्यामुळे गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली आणि पाय पेडलवर नसला, तरी इनपुट शाफ्ट आणि त्याच्यासोबत आतले गिअर फिरतच राहतात. गाडी उभी म्हणजे गिअरबॉक्सही उभा, हा समज चुकीचा आहे. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं दाबतं, प्लेट मोकळी होते आणि शाफ्ट थांबतो. म्हणजे पाय वर असताना एक गट फिरतो, खाली असताना दुसरा. आवाज कोणत्या गटाबरोबर जातो, तेवढंच पाहायचं.

चाचांनी इंजिन चालू केलं. थोडं स्थिरावल्यावर खालून खडखड यायला लागली, डब्यात हरभरे हलवल्यासारखी. पेडल दाबलं की आवाज बंद. सोडलं की परत चालू.

"मामा, गिअरबॉक्स गेला की!" भाच्याचा चेहरा पडला.

"थांब बे," चाचा म्हणाले. त्यांनी ॲक्सिलरेटर जरासा दाबून आरपीएमचा (मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणारा) काटा 1500 वर नेला. खडखड विरघळून गेली.

इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं असतं, तर आवाज आरपीएमबरोबर चढत गेला असता, घूंऽऽ करत. इथे तो उतरला, कारण तो गिअरच्या दातांचा होता. चार सिलिंडरच्या इंजिनाला क्रँकच्या एका फेरीत दोन धक्के मिळतात. 900 आरपीएमला सेकंदाला 15 फेऱ्या, म्हणजे 30 धक्के. प्रत्येक धक्क्याला शाफ्ट किंचित पळतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये किंचित रेंगाळतो. दातांमध्ये बारीक फट ठेवलेलीच असते. न्यूट्रलमध्ये त्यांच्यावर ओझं नसल्यानं ते त्या फटीत पुढे-मागे आपटतात. जड फ्लायव्हील हे हिसके गिळून टाकतं, हलकं फ्लायव्हील गिळत नाही. म्हणूनच हलकं फ्लायव्हील बसवलेली पोर्शे 911 जीटी3 आरएस न्यूट्रलमध्ये उभी असताना खडखडते आणि तिचा मालक निवांत असतो. डुकाटीच्या ड्राय (तेलात न बुडवलेल्या) क्लचच्या मोटरसायकली त्याच्या उलट, क्लच ओढला की जास्त खडखडतात. तोही बिघाड नव्हे.

"फ्लायव्हील बदललंय का?" चाचांनी विचारलं. मालकांनी आठवून सांगितलं की आधीच्या मालकानं पुण्यात काहीतरी 'हलकं' बसवून घेतलं होतं. म्हणजे मूळचं दुहेरी फ्लायव्हील गेलेलं होतं. ते असतं, तर मी इंजिन बंद करताना कान टवकारला असता. दुहेरी फ्लायव्हीलच्या दोन भागांमध्ये लांब स्प्रिंगा असतात आणि त्यांच्या हेलकाव्याची नैसर्गिक गती आयडलिंगच्या (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं त्या गतीच्या) खाली ठेवलेली असते. इंजिन बंद होताना फेऱ्या मंदावतात आणि त्या गतीतून जाताना सगळं थडथडतं. वॉशिंग मशीनचा ड्रम एरवी सुरळीत फिरतो आणि थांबता थांबता एकदम हादरतो, तेच हे. स्प्रिंगा थकल्या असतील तर त्या क्षणी लोखंडी ठणका ऐकू येतो.

मग चाचांनी मला आत बसवलं. "आता पेडल हळू दाबा. एकदम हळू." पहिला इंचभर पाय गेला आणि खालून मांजराच्या पिलासारखी बारीक 'चीं' आली. आणखी दाबलं तर ती घट्ट झाली. पाय काढला तर गेली. आदल्या दिवशी कोमट इंजिनावरही ती आली असती, पण मघाशी खडखडीच्या दहशतीत आमचं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. हे रिलीज बेअरिंग. त्यातलं ग्रीस सुकलेलं. सिग्नलला क्लच दाबून बसणाऱ्यांचं हे लवकर जातं. वस्तू स्वस्त आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एकदा तो उतरवला की क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट जुनीच ठेवून परत चढवणं म्हणजे निव्वळ कंजूषपणा.

वर बॉनेटखाली एक वेगळीच टिकटिक चालली होती. इथे पाय उपयोगाचा नाही, इथे लय मोजायची. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो. हलगी एकपट वाजतेय की दुप्पट, हे कळणाऱ्या माणसाला हा फरकही कळतो. पण भाच्याला पुरावा हवा होता. त्यानं फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि आवाजाचा आलेख मोठा करून पाहिला. दोन टोकांमध्ये साधारण 133 मिलिसेकंद. 900 आरपीएमला क्रँकची एक फेरी 67 मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज दोन फेऱ्यांत एकदा येत होता. इथे लगेच 'टॅपेट' (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) म्हणून मोकळं होऊ नये. दोन फेऱ्यांत एकदा घडणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. व्हॉल्व्ह उघडतो, इंजेक्टर टिकटिकतो, आणि एका सिलिंडरचा धूर एक्झॉस्टमध्ये सुटतो तोही.

चाचांनी हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला. मूठ कानाजवळच्या हाडावर आणि टोक इंजिनावर टेकवलं. धातूत आवाज वेगानं जातो म्हणून हे चालतं, असं सांगतात. पोलादातला वेग सेकंदाला 5000 मीटरच्या पुढे आणि हवेतला 343 च्या आसपास, हे खरंच आहे, पण मुद्दा वेगाचा नाही. धातूतला कंप हवेत उतरताना बहुतेक परत फिरतो. स्क्रूड्रायव्हर मधली हवाच वगळतो. 1816 मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर टेकवली, त्या स्टेथोस्कोपचाच हा गॅरेजमधला भाऊबंद. फक्त फिरता पट्टा, पंखा आणि लोंबती ओढणी यांच्यापासून लांब राहायचं.

व्हॉल्व्ह कव्हरवर आवाज मंद होता, इंजेक्टरवर नेहमीसारखा. सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ गेल्यावर मात्र स्क्रूड्रायव्हरचीही गरज उरली नाही. तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केटच्या (सांधा बंद करणाऱ्या पट्टीच्या) कडेला काजळीची बारीक रेघ दिसली. दहा मिनिटांत लोखंड तापून फुगलं, फट मिटली आणि टिकटिक बंद झाली.

गरम झालेली गाडी तुळजापूरच्या घाटात नेली. चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, चढावर दाबून पाहिलं. काटा एकटाच पळाला असता आणि वेग मागे राहिला असता, तर क्लच घसरतोय असं समजायचं होतं. तसं झालं नाही. सिलिंडरमध्ये न जळलेला उरलेला वायू दाबानं आपोआप पेटला की मणी सांडल्यासारखा किणकिणाट होतो. या आकाराच्या सिलिंडरमध्ये तो साधारण 6 ते 7 हजार हर्ट्झचा असतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात आत जाणारी हवाच एवढी तापलेली असते की हा आवाज घाटात ऐकायलाच हवा. एका वळणावर क्षणभर आला आणि गेला. नॉक सेन्सरनं ऐकलं, संगणकानं ठिणगी थोडी उशिरा पाडली.

"कालचं पेट्रोल वाया घालवलंत की," परत आल्यावर चाचा मालकांना म्हणाले. "गॅस्केट किरकोळ काम आहे. जे महाग आहे, ते गरम-थंड सारखंच बोलायलाय." मालक हसले आणि किमतीतून क्लचचा खर्च मुकाट्यानं वजा झाला.

पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये गिअरबॉक्स पोत्यावर उतरवलेला होता. चाचांनी जुनं आणि नवं, दोन्ही रिलीज बेअरिंगं भाच्याच्या तळहातावर ठेवली. नवं बोटानं फिरवलं तर मधात फिरल्यासारखं जड आणि मुकं फिरलं. जुनं एका ढकलीत भिरभिरलं, वाळूच्या कण्यांसारखं करकरत. ग्रीसच्या जागी तपकिरी पूड होती. भाच्यानं ते कानाशी धरून पुन्हा फिरवलं.