धूर निघाला तर विमान आधी इंधन ओततं?

‘विमानात धूर निघाला तरी इंधन सांडल्याशिवाय उतरता येत नाही, म्हणून ते घिरट्या घालत बसतं’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. आपल्याकडे रोज उडणाऱ्या एअरबस ए-३२० आणि बोईंग ७३७ या विमानांत हवेत इंधन सोडायची सोयच नसते! न सांडलेल्या इंधनाच्या जास्त वजनानिशीही उतरता येतं, नंतर विमानाची कसून तपासणी होते, एवढंच.

धुराचा वास येताच वैमानिक आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क चढवतात, मग ‘मेडे’ (संकटाची हाक) पुकारतात. नियंत्रण कक्ष उतरणाऱ्या इतर विमानांना पुन्हा वर पाठवतो, उड्डाणं रोखतो. अग्निशमनाच्या गाड्या आधीच तयार ठेवलेल्या असतात.

या समजासोबत स्विसएअर १११ चं उदाहरण हमखास येतं. २ सप्टेंबर १९९८ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडे वळलेलं हे विमान इंधन सोडायला समुद्राकडे गेलं आणि कोसळलं; २२९ जण गेले. ‘थेट उतरले असते तर वाचले असते’ असं सर्रास म्हटलं जातं. कॅनडाच्या तपास मंडळाचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे: छताआडची आग इतकी झपाट्याने पसरली की थेट निघूनही ते सुखरूप उतरू शकले नसते. त्या वैमानिकांवर ठपका ठेवणं अन्यायाचं आहे.