गार इंजिनाची साक्ष

थंडी पडली की काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी गॅरेजमध्ये जाते, स्कॅनर लागतो, कोड (दोषाचा ठरलेला क्रमांक) पुसला जातो आणि एखादा सेन्सर बदलून मिळतो. आठ दिवसांनी पहाटे सेल्फ मारला की दिवा पुन्हा हजर! मग दुसरा सेन्सर. उन्हाळा लागेपर्यंत दोन-तीन धडधाकट भाग बदलून झालेले असतात, आणि दिवा आपोआप गेला म्हणून सगळे खूश.

खापर थंडीवर फुटतं. पण थंडी नवा बिघाड क्वचितच करते. ती काठावर पास होणाऱ्या भागाला नापास करते. तपासणी मात्र बहुतेकदा दुपारी, गाडी चालवत नेल्यावर, म्हणजे इंजिन चांगलं तापल्यावर होते. तोवर चोर पसार झालेला असतो.

मुळात हा दिवा बोलतो कसा? अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ओबीडी-२ ही एकसारखी स्व-तपासणी यंत्रणा सक्तीची झाली, आणि युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना तशीच. बहुतेक दोषांच्या बाबतीत गाडीतला संगणक पहिल्या फेरीत (म्हणजे इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंत) फक्त नोंद करून ठेवतो. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला, तरच दिवा लावतो. पुढे सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो, पण कोड आत राहतो आणि साधारण ४० वेळा इंजिन गार होऊन तापेपर्यंत टिकतो. म्हणजे दिवा आज लागला म्हणून बिघाड आजचाच, असं नाही. आणि विझला म्हणजे बरा झाला, असंही नाही.

कोडबरोबर संगणक आणखी एक गोष्ट जपून ठेवतो, ती म्हणजे त्या क्षणाचं टिपण. इंजिन किती गरम होतं, मिनिटाला त्याचे फेरे किती, वेग किती, इंधनात किती फेरफार चालू होता. इंग्रजीत याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत याच्याइतकं मोलाचं काही नाही. टिपणात कूलंट (इंजिन थंड राखणारं पाणी) ४ अंश आणि गाडी जागेवर उभी असेल, तर शोध गार इंजिनातच घ्यायचा. कोड पुसला की हे टिपणही जातं. म्हणून आधी त्याचा फोटो काढावा, मग हवं ते करावं.

थंडीत वारंवार भेटणारा कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. पेट्रोल नीट जळायला एक किलो इंधनामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. आत किती हवा गेली ते बऱ्याच गाड्यांत एक सेन्सर मोजतो, आणि त्या हिशेबाने इंजेक्टर पेट्रोल सोडतात. आता सेन्सरच्या पुढे कुठे फट असेल, तर तिथून न मोजलेली हवा शिरते. रबर गारठून कडक होतं, प्लास्टिक आकसतं. हवा आत नेणाऱ्या इनटेकच्या सांध्यातल्या गॅस्केटपाशी केसभर फट पडते. इंजिन तापलं की सगळं फुगून फट बुजते! एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो तसं कळवतो, आणि बदलला जातो तो बिचारा सेन्सरच. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देण्यातला हा प्रकार.

ही फट पकडायची सोपी युक्ती आहे. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा दिसतो, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती टक्के जादा इंधन देतोय ते. इंजिन नुसतं चालू ठेवून तो आकडा २० टक्क्यांच्या पुढे, आणि रेस करून मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेलं की ४-५ वर, असं झालं तर संशय फटीवर घ्यावा. कारण जागेवर उभ्या इंजिनाला हवा थोडीच लागते, त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस केल्यावर तो नगण्य होतो. उलट रेस केल्यावर आकडा चढत गेला, तर फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे वळावं. हे सगळं सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत बघायचं, मात्र ऑक्सिजन सेन्सर तापून कामाला लागल्यावर. साधारण ३०० अंशांखाली तो नीट बोलत नाही, आणि तोवर संगणक ठोकताळ्यानेच इंधन देत असतो. धूर सोडून फट शोधणारं यंत्र वापरणार असाल, तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवायला सांगावं.

दुसरा खास हिवाळी कोड पी०१२८. इंजिन सुरू होऊन इतका वेळ झाला, म्हणजे कूलंट एवढं तापायला हवं होतं, असा संगणकाचा अंदाज असतो. तो चुकला की हा कोड येतो. दोष बहुधा उघड्याच अडकलेल्या थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा. उन्हाळ्यात तरीही इंजिन कसंबसं तापतं, थंडीत रेडिएटर सगळी उष्णता उधळून टाकतो. हीटर कोमट वारा देत असेल तर समजून जावं. गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, पंख्यापासून जपून. पाइप काही मिनिटं गार राहून मग एकदम तापला, तर थर्मोस्टॅट ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडा आहे. कूलंट कमी असलं तरी हाच कोड येतो, म्हणून पातळी आधी बघावी (टोपी गार असतानाच उघडावी).

बॅटरीला मात्र लोक उगाच सोडून देतात. गारठ्यात तिची ताकद घटते आणि घट्ट झालेलं ऑइल ढवळायला स्टार्टरला जास्त जोर लागतो. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली बसलं की एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम येतात. असं झालं तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स तपासावीत.

तापमानाचे सेन्सर तपासायला तर एक रुपयाही लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीत नुसती चावी फिरवा, सेल्फ मारू नका, आणि कूलंटचं व आत जाणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर वाचा. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या आसपास हवेत. एकच १५ अंशांनी वेगळा असेल, तर खोटं बोलणारा सापडला.

दिवा लुकलुकू लागला, तर यातलं काहीच करत बसू नये. गाडी जोरात मिसिंग करतेय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतंय आणि आतली जाळी वितळू शकते, असा त्याचा अर्थ. गाडी बाजूला घ्यावी. पुढे प्लग आणि कॉइल बघता येतील.

दुरुस्तीनंतर गॅरेजमधून निघालेल्या गरम गाडीचा दिवा बंद असणारच. निकाल लागतो तो पुढच्या तीन-चार गार सकाळी, दिवा आणि ट्रिमचा आकडा दोन्ही बघून.