जुन्या गाडीचा मूळ रेडिओ

फियाट, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड असल्या गाड्यांत त्या काळी बसवलेला, किंवा निदान त्या काळात बसला असता असा, रेडिओ शोधून तो पुन्हा बोलता करायचा उद्योग. सातारा-सांगली भागात हा हौसेचाच मामला आहे.

गाडीत पहिला रेडिओ कोणी बसवला यावर एकमत नाही. १९२२ च्या सुमारास शिकागोतल्या एका शाळकरी पोरानं फोर्ड मॉडेल टीमध्ये सेट बसवला असं सांगतात, त्याच वर्षी शेवरोलेत वेस्टिंगहाऊसचा सेट बसला असंही सांगतात, पण दोन्ही प्रयोगच म्हणायचे. बरेचजण मान देतात तो गॅल्विन कंपनीच्या १९३० च्या मोटोरोला ५टी७१ ला. ट्रान्झिटोन नावाचा गाडीचा रेडिओ त्याच्या आधीचा, साधारण १९२७ चा, त्यामुळे मोटोरोलाला ‘पहिला’ म्हणण्यापेक्षा ‘पहिला दणकून खपलेला’ म्हटलेलं बरं. युरोपात ब्लाउपुंक्टचा १९३२ चा एएस ५ पहिला, यावर फारशी भांडणं नाहीत.

आपल्याकडची फियाट म्हणजे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, मुंबईतल्या कुर्ल्याची (सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचं). ११००डी, मग प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकात पद्मिनी. बऱ्याच गाड्या रेडिओशिवायच यायच्या, सेट डीलर नाहीतर बाजारातला कारागीर बसवायचा, म्हणून कंपनीतून आलेलाच सेट मूळ हा हट्ट इथं टिकत नाही. गाडीच्या काळाचा आणि तेव्हा इथं मिळणारा सेट मूळ धरावा हेच जास्त पटतं. पुरावा म्हणून डीलरचं बिल, पोस्टातून काढलेलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक (रेडिओ ठेवायला तेव्हा लायसन्स लागायचं, ती लायसन्सं १९८० च्या दशकात बंद झाली), नाहीतर गाडीच सांगते: डॅशबोर्डखाली सेट टांगायच्या पट्टीची जुनी भोकं, मडगार्डवर एरियलचं बुजवलेलं भोक.

सेट मिळतो तो भंगारवाल्याकडं, बंद पडलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी. फिलिप्सचा असेल तर जुन्या युरोपियन मॉडेल नंबरातलं पहिलं अक्षर एन म्हणजे गाडीचा सेट, शेवटी टी म्हणजे ट्रान्झिस्टरचा. सांगलीकडचा सेट घेताना झाकण उघडून बघावं, २०१९ च्या महापुरात बुडालेल्या गाडीतला असला तर गाळ कॉइलच्या नळीत जाऊन बसतो. गाडीच्या सेटमध्ये गँग कंडेन्सर (घरच्या रेडिओत स्टेशन लावायला फिरतो तो पत्र्यांचा कंडेन्सर) सहसा नसतो, खड्ड्यांत स्टेशन हलू नये म्हणून कॉइलमध्ये फेराइटच्या कांड्या आतबाहेर करून ट्युनिंग होतं, त्या कांड्या अडकल्या आणि कोणी बटण जोरात फिरवलं की कांडी मोडलीच म्हणून समजा, आणि ती सुटी मिळत नाही.

दुरुस्तीत आधी बघायची ती पोलॅरिटी, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय ते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असतं, तिथं निगेटिव्ह बॉडीचा ट्रान्झिस्टर सेट जोडला की क्षणात जळतो. ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये व्हायब्रेटर असतो, तो बॅटरीचा डीसी तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देतो आणि पुढं दोनशेच्या आसपास व्होल्ट तयार होतात. त्याचे पॉइंट चिकटतात, पण पॉइंट घासण्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरचा (बाहेर पडणाऱ्या बाजूच्या गुंडाळीवरचा) बफर कंडेन्सर बदलायचा, कारण तो गेला की नवा व्हायब्रेटरही जातो. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये एएफ११७ च्या जातीचे ट्रान्झिस्टर असले तर त्यांच्या धातूच्या डब्याच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढून शॉर्ट होतात. अशा ट्रान्झिस्टरला चार पाय असतात, त्यातला एक नुसता डब्याला जोडलेला. तो कापला की पुष्कळदा सेट जागा होतो, सगळे ट्रान्झिस्टर उपटायची गरज नसते. स्पीकर सुटा असताना सेट चालू करू नये. पेटीला पॉलिश वगैरे सगळ्यात शेवटी.

खरखर बहुतेक वेळा सेटची नसते, इग्निशनची असते. स्पार्क प्लगकडं जाणाऱ्या एचटी वायरीला सप्रेसर (खरखर दाबणारा रेझिस्टर) आणि डायनॅमोच्या मोठ्या टर्मिनलला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावतात. डायनॅमोच्याच एफ (फील्ड) टर्मिनलला चुकूनही लावायचा नाही, रेग्युलेटरचे पॉइंट जातात.

सेट गाडीत बसल्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं बारीक स्टेशन धरून एरियल ट्रिमर (सेट एरियलशी जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवायचा, आवाज सर्वात मोठा येईल तिथं सोडायचा, आणि एरियल बदलला की हे परत करायचं. मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणीची जागा १२५१, पुण्याची ७९२. साताऱ्याचं केंद्र मात्र एफएमवर, म्हणजे जुन्या मीडियम वेव्हच्या सेटला ते कधीच लागणार नाही, म्हणून काहीजण आतली सर्किटची पाटी काढून एफएम-ब्लूटूथचं किट घालतात. काटा आणि बटणं जुनीच दिसतात, पण त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही. एफएम हवंच असेल तर वेगळा डबा सीटखाली लपवावा आणि सेटच्या सर्किटला हात लावू नये.