घर्षण ढोल
घर्षण ढोल म्हणजे असा ढोल ज्यावर थाप किंवा टिपरू मारायचंच नसतं, कातडं घासायचं नाहीतर कातड्याला अडकवलेली काडी, दोरी किंवा घोड्याचे केस चोळायचे. त्यातून ठेका कमी आणि गुरगुरणं, हंबरणं, कण्हणं जास्त निघतं, त्यामुळे बहुतेकांना त्यात कुठलं ना कुठलं जनावरच ऐकू आलंय. रोमेनियात 'बुहाई' म्हणजे बैल, घानातल्या असांते लोकांत 'एत्विए' म्हणजे बिबट्या, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी तर सरळ सिंहगर्जनाच म्हणून टाकलं.

आपल्या जुन्या तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातड्याची), घन (ठोकायची भरीव) अशा वाद्यांच्या विभागणीत हा अवनद्धात जातो, तिथे कसं वाजवता हा प्रश्न येत नाही. होर्नबोस्टेल आणि साक्स या वाद्यअभ्यासकांच्या १९१४ च्या, आकड्यांनी केलेल्या वर्गीकरणात मात्र तोच मुख्य प्रश्न आहे: कातड्याची वाद्यं मारून वाजवली तर २१, छेडून २२, घासून २३ आणि आवाज देऊन थरथरवली (आपला कझू, तोंडाने गुणगुणून वाजवायचं छोटं वाद्य) तर २४. २३ मध्येही परत काडीचे, दोरीचे आणि नुसत्या हाताने घासायचे असे पोटभेद. दोरीवाल्यांतलं एक तर चक्क खेळणं आहे, छोटा ढोल दोरीला बांधून गरगर फिरवायचा, दोरी काठीच्या राळ लावलेल्या खाचेत घासते आणि ढोल घोंघावतो.

आवाज निघतो तो व्हायोलिनच्या गजासारखाच. बोटं काडीला पकडतात, ताण वाढला की सुटतात, लगेच परत पकडतात, हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि प्रत्येक झटका कातड्याला जाऊन लागतो. ब्राझीलच्या 'कुईका' नावाच्या घर्षण ढोलात काडी आतल्या बाजूने कातड्याच्या मध्याला बांधलेली असते, म्हणजे समोरून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. वादक मागून पत्र्याच्या पिंपात हात घालून ओल्या फडक्याने काडी चोळतो आणि दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून कातड्याच्या मध्याजवळ दाबतो, दाब वाढला की सूर चढतो, सोडला की खाली येतो. हसणं, रडणं, किंचाळणं सगळं त्या एका बोटाच्या जोरावर.

उगमाचा वाद जुना आहे. एक मत असं की कुईका आफ्रिकेतल्या अंगोला भागातून गुलाम म्हणून नेलेल्या बांटू लोकांबरोबर ब्राझीलला गेला. दुसरं मत पोर्तुगालच्या 'सारोंका' आणि स्पेनच्या 'झांबोंबा'कडे बोट दाखवतं, हे मातीच्या भांड्यावर कातडं ताणून केलेले ढोल, झांबोंबा तर नाताळचाच. गोंधळ असा की 'कुईका' हा शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतला समजतात, ब्राझीलमध्ये ते एका छोट्या पिशवीवाल्या प्राण्याचंही नाव आहे, म्हणजे नावावरून आफ्रिकाही सिद्ध होत नाही आणि युरोपही. पण ब्राझीलमध्येच या वाद्याला 'पुईता' असंही म्हणतात आणि अंगोलातही तेच नाव आहे, शिवाय काडी आत असणं हे आफ्रिकी ढोलांशी जास्त जुळतं, झांबोंबाची काडी वर उभी असते. त्यामुळे पहिल्या मताचं पारडं जड वाटतं, अर्थात दोन्ही परंपरा तिथे एकत्र आल्या असणं अशक्य नाही. सांबा या ब्राझीलच्या नाच-संगीतात कुईका रुळला तो साधारण १९३० च्या आसपास.

युरोपात चित्रांचा आधार मिळतो. चित्रकार ब्रॉयगेलच्या १५५९ च्या कार्निव्हलच्या चित्रात 'रोमेलपॉट' हा घर्षण ढोल दिसतो आणि सतराव्या शतकात चित्रकार फ्रान्स हाल्सने तो वाजवणारा माणूस पोरांच्या गराड्यात रंगवला. भांड्याच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणायचं, मधे बोरू खोचायचा, झालं वाद्य.

दक्षिण भारतातला 'उरुमी' दोन तोंडांचा, एका तोंडावर वाकडी काठी घासतात आणि दुसरं मारून वाजवतात, म्हणजे २१ आणि २३ दोन्ही एकाच ढोलात.

ऑर्केस्ट्रातल्या सिंहगर्जनेत कातड्याच्या मधून दोरी ओवलेली असते, ती राळ लावलेल्या फडक्यात धरून हळूहळू ओढायची. संगीतकार एडगार वारेझने १९३१ मध्ये पूर्ण केलेल्या, १३ तालवादकांसाठीच्या 'आयोनिझेशन' या रचनेत सायरनबरोबर ती आहे.