नदीजन्य किनारी प्रवाह

नद्यांचे गोडे पाणी समुद्रात उतरल्यामुळे किनाऱ्यालगत निर्माण होणारा वा बळावणारा सागरी प्रवाह. गोड्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे 1,000 किग्रॅ., समुद्राच्या पाण्याची सुमारे 1,025 किग्रॅ. असते. हलके पाणी वर पसरते, मुखाजवळ पातळी किंचित उंचावते आणि उतार खुल्या समुद्राकडे होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात हा ओघ उजवीकडे वळून किनारा धरतो. म्हणून भारताच्या पूर्व किनाऱ्यावर त्याचा कल दक्षिणेकडे, पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे असतो.

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस दोन्ही किनाऱ्यांना जातो. गगनबावड्याच्या माथ्यावरून कोकणात उतरलेले पाणी वाघोटण खाडीतून विजयदुर्गजवळ अरबी समुद्र गाठते. माथ्याच्या अलीकडचे कुंभीतून पंचगंगेत येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्या परंपरा सांगते. डोळ्यांना दिसतात त्या चारच. पावसाळ्यात कोल्हापुरातील नदीघाटावरची मंदिरे बुडवणारे हे तांबडे पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते व आंध्रातील हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराकडे जाते. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडणाऱ्या पुराचेही पुष्कळ पाणी वाटेत अलमट्टी, श्रीशैलम व नागार्जुनसागर येथे अडते. त्यामुळे उपसागराच्या गोडेपणात गंगा-ब्रह्मपुत्रा व म्यानमारमधील इरावतीपुढे कृष्णेचा वाटा लहान ठरतो.

पूर्व किनाऱ्याचा प्रवाह कशाने चालतो, यावर मतभेद आहेत. तो गोड्या पाण्याच्या हलकेपणावर चालतो, असे एक मत. स्थानिक वारे, उपसागराच्या मध्यभागावरील वारे आणि विषुववृत्ताकडून किनाऱ्याने येणाऱ्या लाटा यांना दुसरे मत प्राधान्य देते. हेच अधिक सयुक्तिक दिसते, कारण नद्यांचा पूर ऐन भरात असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, प्रवाह सलग दक्षिणवाही नसतो. नैर्ऋत्य वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात. साधारण ऑक्टोबरपासून ईशान्य वारे तेच पाणी किनाऱ्याशी दाबतात. तेव्हा सुमारे 100 किमी. रुंदीचा कमी खारा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी ठरावीक दिवसांनी बाटल्यांत भरून दिलेल्या पाण्याच्या नमुन्यांवरून तो तपासण्यात आला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याला ‘समुद्रातील नदी’ म्हटले गेले. गोडे पाणी या प्रवाहाला उथळ व अरुंद ठेवते, एवढे निश्चित.

कोकणातील नद्या आखूड व तीव्र उताराच्या आहेत. त्यांचे पाणी बव्हंशी पावसाळ्यातच वाहून जाते. हिवाळ्यात मात्र उपसागराचे कमी खारे पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळलगतच्या अरबी समुद्रात शिरते आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे सरकते.